लाखातला एक रुपया

दारू सोडविण्याच्या कामात ज्यांची उभी हयात गेली त्यांना विचारावे, तर ते सांगतात की शरीरातून दारू उतरविण्यास आठदहा दिवस पुरतात. सलाईन, जीवनसत्त्वांची इंजेक्शने, झोपेच्या गोळ्या आणि वेळच्या वेळी पोटात पडणारे ऊन जेवण एवढ्या सामग्रीवर हातांचा कंप थांबतो, घाम ओसरतो, भास विरतात आणि माणूस खाटेवर उठून बसतो. परंतु उठून बसलेल्या त्या माणसाच्या मनातून दारू उतरविण्याचे काम त्यानंतर सुरू होते, आणि ते अथपासून इतिपर्यंत बोलण्याचे काम असते. समुपदेशकापुढे एकट्याने द्यावयाची कबुली, गटात मांडी घालून ऐकलेली दुसऱ्याची कर्मकहाणी आणि तिच्यात अवचित दिसलेले आपलेच तोंड, बायकोची मागितलेली माफी, अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभेत उठून सर्वांदेखत म्हटलेले 'मी मद्यपी आहे' हे तीन शब्द, या उपचाराच्या मात्रा ह्याच, आणि त्या सर्व कानावाटे घ्यावयाच्या असतात. ज्याचे कान जन्मतःच बंद आहेत त्याने त्या कोणत्या वाटेने घ्याव्यात, हा प्रश्न आपल्या शासनाने आजवर स्वतःला विचारलेला दिसत नाही. निदान व्यसनमुक्ती केंद्रांच्या मंजूर आकृतिबंधात तरी त्याचे उत्तर सापडत नाही.

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. मराठवाड्यातील एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, दुसऱ्याच कामासाठी बाकावर खोळंबलो असता, तेलंगणाच्या सीमेकडील एका खेड्यातला एक सुतार आपल्या दहाअकरा वर्षांच्या मुलीचे बोट धरून आत आला. गावात त्याला सारे 'मुका' म्हणत. त्याचे खरे नाव रेशनकार्डावर होते आणि तेवढ्यापुरतेच ते उरले होते. डॉक्टर तरुण होते, सज्जन होते, आणि बाहेर साठ माणसांची रांग होती. त्यांनी विचारले, "रोज घेतात का?" मुलीने अंगठा ओठांकडे नेऊन मान वर केली, बापाने तळहात हवेत हलविला. "पपा म्हनतेत, कव्हा कव्हा घेतो," मुलगी म्हणाली. त्यानंतर घरात मारहाण करतात का, असा प्रश्न आला. मुलगी फरशीकडे पाहू लागली. तो प्रश्न तिने बापाला हातांनी केलाच नाही; उत्तर मात्र तिनेच दिले, "नाही," आणि केसपेपरवर 'नाही' असे उतरले.

त्याला दाखल करून घेतले. दोन दिवसांनी दारू तुटल्याच्या त्रासात तो रात्री उठून पळू लागला, तेव्हा वॉर्डातील माणसांनी त्याचे दोन्ही हात पट्टीने खाटेच्या दांड्यांना बांधले. अशा अवस्थेतील रुग्ण स्वतःला इजा करून घेईल म्हणून असे करतात, आणि ऐकूबोलू शकणाऱ्या रुग्णाचे हात बांधले तरी त्याला 'पाणी द्या', 'भिंतीवर साप दिसतो', 'माझ्या पोरीला बोलवा' असे ओरडता येते. ज्याचे सारे बोलणे हातांत आहे त्याचे मनगट बांधणे म्हणजे दुसऱ्याच्या तोंडात बोळा कोंबण्यासारखेच होय, हे त्या वॉर्डात कोणाच्या ध्यानात आले नाही, कारण ते ध्यानात यावे अशी शिकवण कोणी कोणाला दिलेली नव्हती. आठवड्याने त्याला घरी पाठविले. जाताना दिलेल्या कागदावर 'समुपदेशन केले' असा शेरा होता, आणि गरज पडल्यास फोन करावा म्हणून खाली एक क्रमांक छापलेला होता.

त्या क्रमांकांचीच गोष्ट घ्या. व्यसनमुक्तीसाठी केंद्र शासनाची १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. मानसिक आरोग्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस'ची १४४१६ ही सेवा आहे. दोन्ही उपयुक्त आहेत, आणि भिंतीवर ठळक अक्षरांत रंगविलेले हे आकडे पाहून बधिर माणसाला एवढेच समजते की येथे मदत आहे आणि ती आपल्यासाठी नाही. २०११ च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेल्या पन्नास लाखांहून अधिक व्यक्तींची नोंद झाली. त्यांतल्या सुमारे पावणेपाच लाख महाराष्ट्रातल्या. त्यांपैकी किती जण व्यसनाच्या विळख्यात आहेत याची मोजणी हाती नसली, तरी बधिरत्व हे काही दारूवरचे कवच नव्हे, एवढे सांगावयास शास्त्राची गरज नाही. उलट ज्याच्याशी घरात कोणी बोलत नाही, ज्याला लग्नाच्या मांडवात आणि मयताच्या बैठकीत सारखेच मूक बसावे लागते, त्याला गुत्त्यावर मात्र न बोलता बसता येते. तेथे पैसा आणि पेला यांची खूण सर्वांनाच कळते.

मुळात ऐकणाऱ्यांचीही परवड थोडी नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने २०१८ साली केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की मद्यावर पूर्णतः अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कसलातरी उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांमागे एक असतो. कान शाबूत असलेल्यांची ही स्थिती असेल, तर त्या रांगेत बधिर माणूस कितव्या स्थानी उभा असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

कायदा या बाबतीत मुका नाही. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या सेवनास आळा घालण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने आपल्या 'संप्रेषण' या संज्ञेतच सांकेतिक भाषेचा समावेश केला आणि रुग्णालयांच्या प्रत्येक भागात अडथळाविरहित प्रवेशाची जबाबदारी शासनावर टाकली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत आणल्या, शासनाने चालविलेल्या वा अनुदान दिलेल्या सेवा दिव्यांगत्वाच्या कारणाने भेदभाव न करता मिळण्याचा हक्क दिला, आणि उपचाराला रुग्णाची संमती घेताना त्याला समजेल अशा भाषेत व रीतीने माहिती दिली पाहिजे असे निःसंदिग्ध शब्दांत लिहिले. वरच्या सुताराच्या संमतिपत्रावर अंगठा होता. तो कशाला दिला हे त्याला ठाऊक नव्हते. तेव्हा कायद्याच्या नजरेने पाहता ती संमती ठरते काय, हे विधिज्ञांनी सांगावे.

तरीही हे सारे अंमलात का येत नाही, याचे कारण माझ्या मते दुष्टावा नसून खातेवाटप आहे. दारूवरील कर गोळा करते राज्य उत्पादन शुल्क खाते. व्यसनमुक्तीचा कारभार सामाजिक न्याय खात्याकडे. दिव्यांगांसाठी महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र विभाग निर्माण केला. जिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाची, आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाची. बधिर व्यसनी माणूस या पाचही दफ्तरांच्या हद्दीवर उभा आहे, आणि हद्दीवरच्या शेताला जसा कोणीच पाणी देत नाही तसा त्याचा प्रकार झाला आहे. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, ही म्हण अशा प्रसंगासाठीच आपल्या पूर्वजांनी करून ठेवली असावी. केंद्र शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या व्यसनी व्यक्तींच्या एकात्मिक पुनर्वसन केंद्रांचा आकृतिबंध पाहा: त्यात डॉक्टर आहे, परिचारिका आहे, समुपदेशक आहे, योगशिक्षक, लेखापाल, स्वयंपाकी आणि चौकीदारसुद्धा आहे; सांकेतिक भाषेचा दुभाषी नाही. ज्या पदाचे नाव कागदावर नाही त्यासाठी तरतूद मागता येत नाही, आणि तरतूद नाही म्हणून पद निर्माण होत नाही, असे हे वर्तुळ आहे.

असा दुभाषी नेमावा या मागणीला जे आक्षेप घेतले जातात ते मी ऐकले आहेत, आणि त्यांतील एकही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पहिला आक्षेप असा की कागदपेन्सिल द्यावी, काम भागते. ज्याला मराठी कानावाटे कधी मिळालीच नाही त्या बधिर मुलासाठी ती दुसरी, आणि कष्टाने मिळविलेली भाषा असते. भारतीय सांकेतिक भाषेला तिचे स्वतंत्र व्याकरण आहे, तिच्यात 'काय', 'किती', 'कोठे' हे प्रश्नशब्द वाक्याच्या अखेरीस येतात, आणि चौथी-पाचवीतून शाळा सुटलेल्या माणसापुढे 'आपणांस व्यसनाधीनतेची जाणीव प्रथम केव्हा झाली' असा कागद ठेवणे म्हणजे त्याला वाचता येत नाही हे त्याच्याच सहीनिशी सिद्ध करणे होय. दुसरा आक्षेप असा की घरचे माणूस सोबत असतेच. ते काय सांगते आणि काय गिळते, हे त्या मुलीने मला शिकविले. व्यसनी माणसाच्या कबुलीत बहुधा ज्यांचा अपराध केला तीच घरची माणसे असतात. त्यांनाच त्या कबुलीचे दुभाषी नेमणे हा उपचाराचा उपहास आणि लेकराचा छळ आहे.

तिसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे: दुभाषी मिळतात कोठे? उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेले आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले हैदराबादचे अली यावर जंग यांच्या नावाने मुंबईत वांद्र्याला १९८३ साली जी राष्ट्रीय वाक्‌श्रवण संस्था स्थापन झाली, तिच्यात सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांचा पदविका अभ्यासक्रम चालतो. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहिले आणि २०२१ साली त्याने दहा हजार शब्दांचा सांकेतिक कोश सिद्ध केला. माणसे तयार होत आहेत. परंतु जेथे पगार आहे तेथे ती जातात, आणि नांदेडला वा लातूरला पगार नसल्याने येत नाहीत. मराठवाड्यावरील ज्या हैदराबाद संस्थानच्या राजवटीशी त्या संस्थेचे नाव जोडलेले आहे त्याच मराठवाड्याच्या वाट्याला तिचा एकही पदविकाधर येऊ नये, यात दैवाचा दोष नाही. विवरणपत्रात पदाचा रकाना नसल्याचा आहे.

शेवटचा आक्षेप संख्येचा: मूठभर लोकांसाठी एवढा खटाटोप कशाला? हा आक्षेप घेणाऱ्यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा आरंभ आठवावा. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते केंद्र सुरू केले तेव्हा गर्द या अमली पदार्थाच्या व्यसनी मुलांची संख्याही अनेकांना मूठभरच वाटत होती, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी एक लाख रुपये दिले, जागा शासकीय रुग्णालयाची मिळाली, आणि एका दांपत्याच्या पोटतिडिकीतून पुढे हजारो घरे सावरली. दानशूरपणाने दिवा लागतो हे त्यावरून दिसते. पण दर जिल्ह्यात देशपांडे दांपत्य जन्मास येत नाही, आणि आले तरी दर महिन्याच्या पगाराला दानधर्म पुरत नाही, हेही तितकेच खरे आहे. तेथे सरकारी खजिनाच लागतो. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात मिनियापोलिस येथे १९८९ साली खास बधिरांसाठी व्यसनमुक्तीचा निवासी कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्यालाही पुढे संघराज्याच्या अनुदानाचाच आधार मिळाला. तेथे रुग्णांकडून निबंध लिहून घेण्याऐवजी चित्रे काढून घेत, आपल्या आयुष्यातील दारूची कहाणी ते रेखाटत, अभिनयाने दाखवीत, आणि मग तिच्यावर हातांनीच चर्चा होई. ही रीत नांदेडला चालू नये असे काही नाही. चित्राला कोणत्याच देशाचे व्याकरण लागत नाही.

नांदेड आणि लातूर ही दोनच नावे मी घेतो, कारण आरंभ कोठेतरी करावयाचा तर तो जेथे पाया आहे तेथे करावा. नांदेडला विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नावाचे आणि लातूरला विलासराव देशमुख यांच्या नावाचे, अशी दोन माजी मुख्यमंत्र्यांची स्मृती जपणारी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये येथे आहेत. दोहोंत मनोविकार विभाग आहेत. दोन्ही जिल्ह्यांत मूकबधिर विद्यालये आहेत आणि त्यांतून बाहेर पडलेले तरुण एकमेकांना मोबाइलवर चित्रफितींतून निरोप धाडतात. उलट पुण्याचे केंद्र नांदेडहून साडेचारशे किलोमीटरच्या घरात. रोजंदारीवरच्या माणसाने तेथे पाच आठवडे राहावे आणि पुन्हापुन्हा पाठपुराव्याला जावे, हा सल्ला देणाऱ्याने आधी त्याच्या घरातले पीठ मोजावे.

आता मागणी काय, ते नीट मांडतो. दोन्ही जिल्ह्यांत प्रत्येकी दोन पूर्णवेळ दुभाषी नेमावेत, एक स्त्री आणि एक पुरुष. दोन अशासाठी की बधिरांचा समाज जिल्ह्यात लहान असतो, सारे एकमेकांना ओळखतात, दुभाषी बहुधा कोणाच्यातरी जुन्या शाळेतला निघतो, आणि ज्याच्यापुढे मन उघडावयाचे तो निवडण्याची मुभा रुग्णाला हवी. त्यांना गुप्ततेची शपथ असावी आणि व्यसनोपचाराचे वेगळे शिक्षण द्यावे. केंद्राच्या आकृतिबंधात 'पीअर एज्युकेटर' म्हणून व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाचे जे पद आजही मंजूर आहे, त्यावर संधी मिळताच सावरलेल्या बधिर व्यक्तीचीच नेमणूक व्हावी. खेड्यातला जो कधी शाळेतच गेला नाही, ज्याच्या खुणा केवळ त्याच्या घरच्यांना कळतात, त्याच्याशी बोलताना असा बधिर सहकारी शिकलेल्या दुभाष्यालाही हवाच असतो. फोनच्या क्रमांकाशेजारी चित्रसंवादाचा क्रमांक असावा. आणि बधिर रुग्णाचे हात अगदी निरुपाय झाल्याखेरीज बांधू नयेत, बांधलेच तर दुभाष्याला तत्काळ बोलवावे, असा लेखी हुकूम प्रत्येक वॉर्डात लागावा; या हुकुमाला पैसाही लागत नाही.

पैसा कोठून आणावा, याचे मार्ग तीन आहेत. जिल्हा नियोजन समितीच्या वार्षिक आराखड्यात यासाठी तरतूद करता येईल. ग्रामपंचायतींपासून नांदेड-वाघाळा व लातूर महानगरपालिकांपर्यंत सर्व स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करावा असा शासनाचा दंडक आहे. वर्षअखेरीस घाईघाईने साहित्यवाटपाची शिबिरे भरवून, हार घालून, छायाचित्रे काढून तो संपविण्यापेक्षा त्यातील अल्पसा अंश माणसांच्या पगारासाठी राखून ठेवता येईल. श्रवणयंत्राची पेटी हातात देणे सोपे असते, आणि ती पेटी वर्षभरात कपाटावर पडते हेही गावोगाव दिसते. पण या दोहोंहून न्याय्य मार्ग तिसरा आहे, आणि तो आबकारीचा.

हा शब्द मराठवाड्याला नवा नाही. निजामाच्या राजवटीत शिंदी आणि दारू यांवरील आबकारी ही हैदराबादच्या जमाखर्चातील भरभक्कम बाब होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राजवट बदलली, संस्थानाचे नकाशे बदलले, आबकारीचे नाव उत्पादन शुल्क झाले, आणि बाटलीमागे खजिन्यात पडणारा पैसा मात्र वाढतच राहिला. २०२२-२३ साली महाराष्ट्राला या मार्गाने साडेएकवीस हजार कोटींच्या आसपास महसूल मिळाला, आणि १० जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्कात वाढ मंजूर केली ती वर्षाला आणखी चौदा हजार कोटी रुपये मिळावेत या अपेक्षेने. दुकानाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला ऐकू येते की नाही, हे पाहून कर आकारला जात नाही. बधिर सुताराच्या क्वार्टरवर त्याच्या ऐकणाऱ्या शेजाऱ्याइतकाच कर बसतो. घेताना जर राज्याला त्याचे बधिरत्व दिसत नसेल, तर देताना तेच बधिरत्व आडवे यावे हा कोठला न्याय?

हिशेब कोणीही करून पाहावा. दोन जिल्हे, प्रत्येकी दोन दुभाषी, दरमहा तीस हजार रुपये पगार धरला तर वर्षाचे होतात चौदा लाख चाळीस हजार. शासनाने केवळ नव्या शुल्कवाढीतून जे चौदा हजार कोटी अपेक्षिले आहेत, त्यांच्याशी हा आकडा ताडून पाहिला तर दर लाख रुपयांमागे एक रुपया आणि वर तीन पैसे एवढा तो भरतो. नांदेड आणि लातूरच्या लोकप्रतिनिधींनी जिल्हा नियोजन समितीच्या पुढल्या बैठकीत आणि विधिमंडळाच्या पुढल्या अधिवेशनात हा लाखातला एक रुपया मागावा, आणि तो नाकारावयाचा असेल तर अर्थखात्याने कारण लेखी द्यावे.